बारा तासांची ड्युटी आणि पुढची दहा वर्षं

प्रश्न थोडक्यात असा: मराठवाड्यातल्या एका गावातून आलेला २६ वर्षांचा, बारावी पास तरुण. तीन वर्षांपासून चाकण परिसरातल्या एका गोदामाच्या गेटवर एजन्सीमार्फत सिक्युरिटी गार्ड आहे. बारा तासांची ड्युटी, महिन्याला चार सुट्ट्या, हातात १८,५०० रुपये. पोलीस भरतीचे दोन प्रयत्न झाले आणि दोन्ही वेळा लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. उंची पाच फूट दहा इंच, व्यायामाची आवड. एका ‘अकादमी’ने १५ दिवसांच्या ‘कमांडो बॉडीगार्ड कोर्स’साठी ४५,००० रुपये मागितले आहेत. त्यापैकी २,००० त्याने बुकिंग म्हणून भरले आहेत. कोर्सनंतर दुबईत लाखाची नोकरी असं आश्वासन आहे. मामा म्हणतात, पदवी नाही तर आयुष्यभर वॉचमनच राहशील. लग्नाच्या बोलणीत ‘मुलगा काय करतो’ या प्रश्नाला घरचे अडखळतात. त्याला विचारायचं आहे ते हे: पदवीशिवाय या लाइनीत महिना ५०,००० पर्यंत पोचता येईल का? कोर्स करू का? बंदुकीचा परवाना काढून गनमन होऊ का? की ही लाइनच सोडू?

उत्तर:

पत्राच्या शेवटी तुम्ही पगाराची पावती उतरवून पाठवलीत ते बरं केलंत. भविष्याचं नंतर बोलू, आधी ती पावती वाचू. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून २६ दिवसांचे १३,५२०, म्हणजे आठ तासांचे ५२० रुपये आणि तासाला ६५. आठ तासांच्या वर केलेलं काम ओव्हरटाइम असतं आणि त्याचा दर दुप्पट, म्हणजे तासाला १३०. वरच्या चार तासांचे झाले ५२०. बारा तासांच्या एका ड्युटीचे १,०४० व्हायला हवेत आणि २६ ड्युट्यांचे २७,०४०. पीएफ, ईएसआय (कामगार विमा) आणि व्यवसाय कर वजा जाता हातात साधारण २५,००० यायला हवेत. तुमच्या हातात १८,५०० येतात. पावतीवर ‘इतर भत्ता’ म्हणून जी ओळ आहे, त्या ओळीत तुमचे चार तास दुप्पट दराऐवजी जेमतेम एकपट दराने विकले गेलेत.

हिशोब लक्षात ठेवायला सोपा आहे. चार तास दुप्पट दराने म्हणजे आठ तास. म्हणून बारा तासांच्या ड्युटीचा पगार आठ तासांच्या बरोबर दुप्पट असायला हवा. ही लाइन वाचणाऱ्या प्रत्येक गार्डने आजच आपली पावती काढून हे ताडून पाहावं. सोबत उमंग अ‍ॅपवर पीएफचं पासबुकही बघा. पावतीवर कपात दिसते आणि पासबुकात भरणा दिसत नाही, हा प्रकार या धंद्यात नवा नाही.

मग लगेच कामगार आयुक्तांकडे धाव घ्यायची का? तो मार्ग आहेच. ठेकेदाराने मजुरी थकवली तर ज्या कंपनीच्या गेटवर तुम्ही उभे राहता तिलाही ती देणं भाग पडू शकतं. पण तुमचं वय आणि हेतू बघता आधी एक वेगळी गोष्ट समजून घ्या. गार्ड एजन्सी बदलतात, साइट बदलत नाहीत, आणि पगार तर साइट ठरवते. एजन्सी कंपनीला जो दर देते त्याचा एक तक्ता असतो: मूळ वेतन, भत्ते, पीएफचा मालकाचा वाटा प्रशासन खर्चासह १३ टक्के, ईएसआय ३.२५, बोनस ८.३३, रजा, गणवेश, साप्ताहिक सुट्टीच्या बदली माणसाचा एक षष्ठांश, वर सर्व्हिस चार्ज आणि १८ टक्के जीएसटी. कंपनीने दर घासून घेतला की एजन्सी हात घालते तो बदली माणसाच्या आणि ओव्हरटाइमच्या रकान्यात. परदेशी ग्राहक असलेल्या, बाहेरून ऑडिट होणाऱ्या कंपन्यांना हे परवडत नाही, कारण ऑडिटर गेटवरच्या गार्डची पावती मागतात. त्याच एजन्सीचा, त्याच गणवेशातला माणूस दोन किलोमीटरवरच्या दुसऱ्या गेटवर चार-सहा हजार जास्त घेतो तो याचमुळे. म्हणून तुमच्या फील्ड ऑफिसरला ‘पगार वाढवा’ म्हणू नका. ‘ऑडिट होणाऱ्या साइटवर किंवा आठ तासांच्या साइटवर बदली द्या’ म्हणा. ती त्याच्या हातातली गोष्ट आहे, पगारवाढ नाही.

५०,००० चा आकडाही जरा उलटून बघू. महिना ३१२ तास उभं राहून मिळालेले ५०,००० म्हणजे तासाला १६०. आठ तासांच्या नोकरीत, २०८ तासांचे तेवढेच पैसे म्हणजे तासाला २४०. तुम्ही आता तासाला ५९ वर आहात. पहिल्या प्रकारचे ५०,००० तुम्हाला चाळिशीत गुडघे आणि रक्तदाबाच्या रूपाने परत करावे लागतात, त्यामुळे ध्येय लिहिताना रकमेशेजारी तास लिहा.

आता पदवीचं. मामांचं म्हणणं अर्धं खरं आहे. खाजगी सुरक्षा संस्था (नियमन) अधिनियम, २००५ हा तुमच्या कामाचा मूळ कायदा. त्यात गार्डला पदवीची अट कुठेच नाही. वय १८ ते ६५, चारित्र्य पडताळणी, ठरलेलं प्रशिक्षण आणि शारीरिक मापं एवढंच लागतं. केंद्राच्या नमुना नियमांत पुरुषांची उंची १६० सेंटिमीटर, छाती ८० आणि फुगवून ४ जास्त, आणि एक किलोमीटर सहा मिनिटांत अशी मापं दिलीत. प्रशिक्षण वर्गातलं १०० तास आणि मैदानावरचं ६० तास, किमान २० कामाच्या दिवसांत. त्याच नियमांत १५ गार्डांमागे एक सुपरवायझर हवा असंही आहे. ६० गार्डांच्या साइटवर चार सुपरवायझर लागतात, आणि त्या खुर्च्या भरायला एजन्सीकडे धड लिहिणारी माणसं नसतात. सुपरवायझरपर्यंत, आणि बऱ्याच ठिकाणी सहायक सुरक्षा अधिकारी होईपर्यंत, पदवी कुणी विचारत नाही.

ती विचारली जाते कंपनीच्या स्वतःच्या रोलवर सिक्युरिटी ऑफिसर किंवा मॅनेजर होताना. जाहिरातीत ‘पदवीधर किंवा माजी सैनिक’ असतं आणि एचआरचं सॉफ्टवेअर तुमचा अर्ज माणसाच्या डोळ्यांपर्यंत जाऊच देत नाही. तिथे कौशल्य कमी पडत नाही, अर्जातला एक रकाना रिकामा राहतो. तो भरण्यासाठी नोकरी सोडून कॉलेजात बसायची गरज नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं बी.ए. मराठीतून, घरी अभ्यास करून होतं. तुमची बारावी झाली आहे, प्रवेश सरळ मिळतो. या वर्षी नाव घाला आणि विसरून जा. तीन वर्षांनी रकाना भरलेला असेल आणि तुम्हाला त्याची गरजही साधारण तेव्हाच पडेल.

आता पैसे कशाचे मिळतात त्याकडे येऊ. शरीराचे मिळतात असा तुमचा समज दिसतो, कारण पत्रात दंडाचं माप आहे आणि रजिस्टरचा उल्लेख नाही. या धंद्यात पगार चढतो तो तुमच्या लिहिलेल्या ओळीवर दुसरा माणूस निर्णय घेऊ शकतो का, यावर. तुम्ही गोदामाच्या गेटवर आहात, तिथलंच उदाहरण घ्या. रात्री कंटेनर आला. बहुतेक गार्ड लिहितात: ‘गाडी आली, चेक केली, आत सोडली.’ या ओळीची किंमत शून्य. तीच नोंद अशी हवी: ‘०२:४० गेट २. गाडी क्रमांक अमुक, चलन क्रमांक तमुक. चलनावर सीलचा शेवटचा आकडा ७, प्रत्यक्षात १. चालकासमोर दोन फोटो काढले. गाडी गेटबाहेर थांबवली. ०२:४८ शिफ्ट इन्चार्जना फोन. ०३:१५ त्यांनी येऊन सही केली, गाडी त्यांच्या सूचनेवरून आत.’ सहा महिन्यांनी मालाचा वाद निघाला की पहिल्या नोंदीवाल्याला जबाब द्यावा लागतो. दुसऱ्याला मॅनेजर नावाने ओळखायला लागतो.

सीलच निघालंय तर जरा थांबून बघू, कारण तुमच्या आजूबाजूच्या निर्यात करणाऱ्या कारखान्यांत हेच ज्ञान विकलं जातं. निर्यातीच्या कंटेनरला आयएसओ १७७१२ प्रमाणाचं बोल्ट सील, म्हणजे दाराच्या कडीत बसणारं, आकडा कोरलेलं धातूचं सील लागतं. ते तपासायच्या चार क्रिया आहेत: बघणं, आकडा कागदाशी पडताळणं, खाली ओढणं आणि पिळणं. चौथी क्रिया लोक टाळतात आणि तिथेच फसतात, कारण कापून डिंकाने चिकटवलेलं सील ओढल्यावर टिकतं, पिळल्यावर सुटतं. दुसरी चलाखी याहून पक्की असते. सीलला हातच लावायचा नाही, दाराच्या हँडलचे रिव्हेट किंवा बिजागरीचे बोल्ट काढायचे, माल उतरवायचा आणि नवे बोल्ट बसवायचे. म्हणून बॅटरीचा झोत सीलवर टाकण्याआधी बोल्टांच्या डोक्यांवर टाका. एकाच बोल्टावरचा रंग ताजा असेल किंवा भोवती गंज नसेल तर गाडी थांबवा. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याच्या सी-टीपॅट कार्यक्रमात रिकाम्या कंटेनरची सात ठिकाणची तपासणी ठरलेली आहे: खालचा सांगाडा, आतून-बाहेरून दारं, उजवी बाजू, डावी बाजू, समोरची भिंत, छत आणि तळ. समोरच्या भिंतीत खोटी भिंत असेल तर आतली लांबी कमी भरते. पाच रुपयांच्या दोरीला गाठी मारून ती मोजता येते. हा सगळा अभ्यास फुकट आहे, आणि तुमच्या साइटवर तो कुणी केलेला नाही असं तुमच्या पत्रावरून दिसतं.

भंगाराची गाडी हाही असाच धडा. वर पत्र्याचे तुकडे, तळाशी तांब्याची वायर. रिकाम्या गाडीचं वजन काट्यावर घेतलं तेव्हा पाण्याची टाकी भरलेली, किंवा केबिनमध्ये दोन माणसं जास्त बसलेली. जाताना ती नसतात आणि तेवढ्या वजनाचा माल फुकट जातो. दोन्ही वेळा काट्यावर गाडीत फक्त चालक, आणि दोन्ही पावत्यांवर वेळ. एवढं केलंत तरी साइटवरचे काही लोक तुमच्याशी बोलायचे बंद होतील. ते का, हे समजून घेणंही याच नोकरीचा भाग.

गेटनंतरची पायरी कंट्रोल रूम. पुण्यात हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्या आणि नवी मुंबईत ऐरोली-महापे पट्ट्यातली डेटा सेंटर्स इथे कॅमेरे, दारांचे कार्ड रीडर आणि अलार्म बघणाऱ्या ऑपरेटरला गेटवरच्या माणसापेक्षा जास्त पैसे मिळतात आणि ड्युटी बहुधा आठ-नऊ तासांची असते. तिथे इंग्रजी ई-मेल आणि एक्सेल लागतं. इंग्रजी म्हणजे फर्डं बोलणं नव्हे. काय घडलं, कुठे, किती वाजता, कुणाला कळवलं, आता स्थिती काय, अशी पाच वाक्यं बिनचूक लिहिता आली की सुरुवातीला पुरतं. रोज ड्युटीवरची एक नोंद इंग्रजीत लिहून बघा, सहा महिन्यांत हात बसतो.

कॅमेऱ्यांचं थोडं गणितही यायला हवं. चार मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिटने रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण ४३ जीबी खातो. १६ कॅमेऱ्यांचे ३० दिवस म्हणजे २० टीबीहून जास्त. तुमच्या रेकॉर्डरमध्ये ८ टीबीची डिस्क असेल तर बारा दिवसांपूर्वीचं चित्रण पुसलेलं असतं, मग करारात ‘३० दिवस’ लिहिलेलं का असेना. हे चोरी झाल्यावर कळलं तर तो घोटाळा आणि आधी लिहून दिलं तर ती कामगिरी. दुसरी नेहमीची चूक घड्याळाची. रेकॉर्डरचं घड्याळ हळूहळू मागे-पुढे सरकतं. रोज एकदा मोबाइलशी ताडून फरक रजिस्टरमध्ये लिहा. पोलिसांना क्लिप देताना तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि प्रमाणपत्रात फाइलचं हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा खुणेचा आकडा, लिहावं लागतं. ज्याला क्लिप काढून, हॅश घेऊन, कागद तयार करून देता येतो त्या ऑपरेटरला कुणी सहजी सोडत नाही.

तिसरी वाट आगीची, आणि माझ्या मते तुमच्यासाठी हीच सर्वांत भरवशाची. चाकणसारख्या पट्ट्यात गोदामवाल्याला चोरीपेक्षा आगीची धास्ती मोठी असते. साध्या गार्डला पंप रूमची किल्ली कुठे आहे एवढंच माहीत असतं. तुम्ही आत जाऊन बघा. भिंतीवरच्या पॅनेलचा खटका ‘ऑटो’वर आहे की ‘मॅन्युअल’वर? दुरुस्तीवाला येऊन गेला की तो खटका मॅन्युअलवरच राहतो, आणि आग लागल्यावर पाइपातला दाब उतरतो पण मुख्य पंप सुरू होत नाही. पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप कुणी पाणी न वापरता दर दहा मिनिटांनी सुरू होत असेल तर जमिनीखाली कुठेतरी गळती आहे. डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली असणं हे तर इतकं सर्रास असतं की आधी तीच बघावी. मुंबईत महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा सहा महिन्यांचा फायरमन अभ्यासक्रम दहावीवर होतो, पण त्याला वयाची अट आहे. प्रवेशाची जाहिरात नीट वाचा, वय उलटलं असेल तर त्यावर आशा ठेवू नका. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र मात्र सेंट जॉन अ‍ॅम्ब्युलन्सकडून थोड्या दिवसांत मिळतं. तुमच्या बाबतीत पहिले पैसे खर्च करायचे तर इथे.

आता बॉडीगार्ड कोर्स. कायद्यात गार्ड आहे, सुपरवायझर आहे, ‘कमांडो’ नावाचा प्राणी नाही. त्या अकादमीकडे राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याने प्रशिक्षण संस्था म्हणून दिलेलं मान्यतापत्र मागा. टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालं. खरा वैयक्तिक संरक्षण अधिकारी दिवसभर काय करतो तेही ऐका. रस्ता आदल्या दिवशी बघून येतो, जवळचं रुग्णालय कुठलं ते लिहून ठेवतो, गाडी कुठल्या दाराशी लावायची ते ठरवतो, आणि उरलेले नऊ तास लॉबीत उभा राहतो. ही कामं ओळखीतून मिळतात आणि बहुतेक ठिकाणी सैन्य, निमलष्करी दल किंवा पोलिसांतून निवृत्त झालेली माणसं घेतात. पब आणि कार्यक्रमांचे बाउन्सर रोजावर असतात, पीएफ नाही, आणि हाणामारीत गुन्हा नोंदला तर तो तुमच्या नावावर. दोन भरत्या द्यायच्या शिल्लक असताना हा धोका घेऊ नका. कुठलाही गुन्हा नोंदला की चारित्र्य पडताळणीत अडकाल आणि पोलीस भरतीच काय, गार्डची नोकरीही जाईल.

यावरून एक गोष्ट सगळ्या गार्डांसाठी. तुमच्याकडे पोलिसांचे अधिकार नाहीत. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कुठल्याही नागरिकाप्रमाणे तुम्ही माणसाला धरू शकता, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे विनाकारण उशीर न करता, सहा तासांच्या आत त्याला पोलिसांकडे द्यावं लागतं. केबिनमध्ये बसवून कानफटात मारणं, मोबाइल काढून घेणं, माफीनामा लिहून घेणं या सगळ्यांत उद्या आरोपी तुम्ही असता. सुपरवायझरच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येतो.

दुबईचं खरं रूप असं: तिथे सुरक्षेचं काम करायला ‘सिरा’ या सरकारी नियामक संस्थेचा परवाना लागतो. तो तिथल्या मान्यताप्राप्त केंद्रात प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्यावर मिळतो आणि ती व्यवस्था नोकरी देणारी कंपनी करते. इथल्या अकादमीच्या प्रमाणपत्राला तिथे मोल नाही. जायचंच असेल तर केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंद असलेलाच एजंट गाठा. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० घेता येतात. दहावी पास असल्यामुळे तुमचा पासपोर्ट तपासणीची गरज नसलेल्या गटातला असेल. ऐकायला हे बरं वाटतं, पण याचा अर्थ करार सरकारी डोळ्यांखालून जात नाही, तो तुम्हालाच वाचावा लागतो. तास, राहणं, जेवण, परतीचं तिकीट आणि मूळ पगार हे सगळं त्यात आकड्यांत हवं.

गनमनबद्दल थोडक्यात. बंदुकीसाठी कर्ज काढू नका. परवाना शहरात पोलीस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी देतात, आणि ‘नोकरीसाठी हवा’ हे कारण सहसा पुरत नाही. परराज्यातून परवाना ‘करून देणारे’ भेटतील, त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नका. बनावट परवान्यावर ड्युटी करणारे गार्ड तुरुंगात गेलेत. कॅश व्हॅनमध्ये २०१८ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे प्रत्येक गाडीत दोन सशस्त्र गार्ड लागतात, त्या जागा माजी सैनिकांनी भरलेल्या असतात. त्याच गाडीत दोन कस्टोडियनही असतात, पैसे मोजणारे, एटीएम भरणारे. त्या जागेसाठी बंदूक लागत नाही, हिशोब लागतो. चिकाटी असेल तर तिकडे बघा.

पोलीस भरती सोडू नका, असं माझं मत आहे. खुल्या गटात २८ पर्यंत वय चालतं, म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे. मैदानाच्या ५० गुणांत तुम्ही कमी पडत नाही, १०० गुणांच्या लेखीत पडता. बारा तासांची ड्युटी करून लेखीचा अभ्यास होत नाही, म्हणून आठ तासांच्या साइटची बदली इथेही कामाची. होमगार्डची नोंदणी निघाली तर तीही करा. तीन वर्षं सेवा झालेल्यांना राज्य पोलीस भरतीत पाच टक्के राखीव जागा असतात. वयाचा हिशोब तुमच्या बाबतीत जुळणार नाही कदाचित, पण हे वाचणाऱ्या विशीतल्या मुलामुलींच्या बाबतीत जुळेल. शिवाय खाजगी एजन्सीने नेमणुकीत होमगार्डला प्राधान्य द्यावं अशी तरतूद २००५ च्या कायद्यातच आहे.

आणखी एक दार: १९८१ च्या महाराष्ट्र कायद्याखालची सुरक्षा रक्षक मंडळं. पुणे जिल्ह्यासाठीही मंडळ आहे. मंडळात नोंद झालेल्या रक्षकाचा पगार कंपनी मंडळाकडे भरते, मध्ये ठेकेदार नसतो, पीएफ, बोनस, ग्रॅच्युइटी ठरलेली असते. नोंदणी रोज उघडी नसते. ती कधी निघते हे मंडळाच्या कार्यालयातूनच विचारा, ‘आतून करून देतो’ म्हणणाऱ्याकडून नाही.

स्वतःची एजन्सी हे स्वप्न पत्रात एका ओळीत आलंय. परवान्याचं शुल्क एका जिल्ह्याला ५,०००, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,०००, पूर्ण राज्याला २५,००० आहे. अडचण शुल्काची नसते. ५० गार्डांचा महिन्याचा पगार प्रत्येकी २५,००० धरला तर साडेबारा लाख होतो, आणि कंपनी बिलाचे पैसे देते दोन महिन्यांनी. पंचवीस लाख खेळते नसतील तर तिसऱ्या महिन्यात तुम्हीच कुणाच्या तरी ओव्हरटाइमला हात घालाल. दहा वर्षांनी बघू.

दरम्यान एक गणित पाठ करा: एक पोस्ट, म्हणजे गार्ड उभा राहायची एक जागा, चोवीस तास, आठ तासांच्या पाळीत चालवायला साडेतीन माणसं लागतात. आठवड्याच्या २१ पाळ्या, एका माणसाच्या सहा. ज्याला दराचा तक्ता आणि हे साडेतीनचं गणित मांडता येतं, तो सुपरवायझरचा फील्ड ऑफिसर आणि पुढे ऑपरेशन्स मॅनेजर होतो. तुम्ही म्हणता ते ५०,००० त्या आसपासच्या खुर्च्यांवर आहेत. सहा महिन्यांत साइट बदलणं, दीड-दोन वर्षांत सुपरवायझर किंवा कंट्रोल रूम, पाच-सहा वर्षांत पदवीच्या रकान्यासह कंपनीच्या रोलवर अधिकारी, हा वेग वाजवी आहे. त्यापुढे आसिस या सुरक्षा क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सीपीपी ही परीक्षा आहे. तिला पदवी नसली तरी चालते, त्याऐवजी सात वर्षांचा अनुभव आणि त्यातली तीन वर्षं जबाबदारीच्या पदावरची लागतात. परीक्षा इंग्रजीत असते आणि शुल्क डॉलरमध्ये. आज फक्त नाव लिहून ठेवा.

लग्नाच्या बोलणीत घरच्यांनी अडखळू नये यासाठी त्यांना काय सांगायचं ते तुम्हीच त्यांना शिकवा: कुठल्या कंपनीच्या कुठल्या गोदामावर, कुठली पाळी, पीएफ किती वर्षांचा जमा आहे, पुढची परीक्षा कोणती. मुलीकडच्यांना पदनामापेक्षा रात्रपाळी आणि सुट्ट्यांची काळजी जास्त असते, आणि ती रास्त आहे. त्यांनी विचारलं तर खरं सांगा.

राहिले ते २,०००. आजच अकादमीला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा, फोन करू नका: अमुक तारखेला इतके भरले, मान्यतापत्राची प्रत पाठवा, नसेल तर प्रवेश रद्द करून रक्कम आठ दिवसांत परत करा. पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट सोबत जोडा. उत्तर आलं नाही तर नवव्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि मिळालेला तक्रार क्रमांक त्याच चॅटमध्ये टाका.